पंचेचाळीस वेढे

साखरपुड्याला गेलं की बायका नवरीची साडी बघतात, गडी जेवणाचा अंदाज घेतात. मी ताडकळसच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवला आणि मला आधी आला तो व्हार्निशचा वास. खरं तर तिथं व्हार्निश असायचं काही कारण नव्हतं. भिंतींना गुलाबी रंग, वर झुंबर, दाराशी प्लास्टिकचे दोन मोर. पण आचाऱ्यानं मसालेभाताचं पातेलं ज्या कोपऱ्यात ठेवलं होतं, तिथल्या फरशीवर एक काळपट डाग अजून होता. मी जाऊन त्या डागापाशी उभी राहिले. भावजय म्हणाली, "आक्का, भूक लागली का? पंगतीला टाईम हाय अजून." आता हिला काय सांगू, कपाळ?

हे कार्यालय व्हायच्या आधी इथं सरकीचं गोदाम होतं, आणि गोदाम रिकामं पडल्यावर काही वर्षं आमचं कॉलेज होतं. कॉलेज म्हणायचं आपलं. दारावर पत्र्याची पाटी, 'कम्युनिटी कॉलेज', आणि खाली तीन ओळी: व्यवसाय व्यवस्थापन, माती-पाणी परीक्षण, मोटार रिवायंडिंग. हॉल एकच, कोर्स तीन. मधे भिंती नव्हत्या, खताची रिकामी पोती शिवून केलेले पडदे होते. वारा सुटला की पडदे फुगायचे आणि आमचा वर्ग लहान-मोठा व्हायचा.

पडद्यांनी दिसायचं बंद झालं होतं, ऐकू मात्र सगळं यायचं. एका बाजूनं व्यवसायवाल्यांचे सर ओरडायचे, "गिऱ्हाईक आलं की आधी हसायचं!" आणि वीस जण एकदम हसायचे. दुसऱ्या बाजूला मातीवाल्यांच्या काचेच्या नळ्या किणकिणायच्या. मधे आमची छिन्नी-हातोडी. व्यवसायवाल्यांना सराव म्हणून कायतरी विकून दाखवावं लागायचं. कुणाला विकणार? आम्हालाच. त्यातल्या एकानं आमच्या सरांना त्यांचाच पाना विकला होता, आणि सरांनी घासाघीस करून घेतला होता.

मातीवाल्यांची तऱ्हा वेगळीच. त्यांना आपापल्या रानातली माती आणायला सांगितली. सगळ्यांनी झाडून उकिरड्याशेजारची काळीभोर, लोण्यासारखी माती आणली. सरकारी माणूस तपासणार म्हटल्यावर चांगलीच माती दाखवायची, यात त्यांचं काय चुकलं? पाहुण्यापुढं कुणी फुटका कप ठेवतं का? रिपोर्ट आले ते इतके गोडगोड, की त्यांच्या मॅडम म्हणाल्या, "या तालुक्याला आता शंभर वर्षं खत लागत नाही." बिचाऱ्यांना पुन्हा रानात पाठवलं, आणि या वेळी मॅडम स्वतः बांधावर जाऊन उभ्या राहिल्या.

मी रिवायंडिंगला गेले ती काही हौसेनं नाही. मला शिवणकाम करायचं होतं, पण तो कोर्स त्यांच्याकडं नव्हताच. नाव लिहून घेणारा कारकून म्हणाला, "हे बी तसंच हाय की ताई. दोऱ्याऐवजी तार." मी बारावी झालेली, घरात बसून आईशी भांडत होते. म्हटलं, चला, तारेशी भांडू. घरी कळल्यावर चुलते म्हणाले, "बायकांनी मोटारी भरल्या, तर गड्यांनी बांगड्या भरायच्या का?" मी म्हटलं, "भरा की. मापाच्या आणून देते." मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं त्यानंच झालं.

मोटार भरणं म्हणजे जळालेल्या मोटारीच्या पोटातली जुनी तार काढून नवी घालणं. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की जळक्या मोटारी यायला लागायच्या. सकाळी गोदामाच्या दारात त्या ओळीनं मांडलेल्या असायच्या, प्रत्येकीच्या कानाला मालकाच्या नावाची चिठ्ठी. त्यांचा तो करपट वास सरकीच्या जुन्या तेलकट वासात मिसळायचा आणि डोक्यात चढून बसायचा. हातांना तांब्याचा वास यायचा तो वेगळाच. कितीही धुवा, जायचा नाही. आई म्हणायची, "तुझ्या हातची भाकर खाल्ली की दात झिणझिणायलेत."

भरलेल्या मोटारीला व्हार्निश पाजायचं, म्हणजे तारेतली वीज बाहेर फुटत नाही, आणि मग ती सुकवायची. त्यासाठी आमच्याकडं एक लाकडी खोकं होतं, आत मोठाले दिवे लावलेले. दिवे लावून झाकण ठेवलं की आत धग तयार व्हायची. हे खोकं त्या डागाच्या जागी होतं. हुरड्याच्या दिवसांत कुणीतरी ज्वारीची कणसं आणली आणि मोटारीशेजारी भाजायला ठेवली. हुरडा झाला छान, पण प्रत्येक दाण्याला व्हार्निश. सर रागावले, मग त्यांनीही मूठभर खाल्ला आणि म्हणाले, "आता कुणाला शॉक लागणार नाही." त्या चवीचा हुरडा मला पुन्हा कुठं मिळाला नाही, आणि मिळू पण नये.

सरांचं नाव जोगदंड. उंच, वाळकुडे, खिशात कायम टेस्टर. त्यांनी पहिल्या दिवशी दोघा-दोघांच्या जोड्या लावल्या. एका मशीनला दोघं, एकटा कुणी नको. पोरांनी पटापट पोरं निवडली. उरलो दोघं: मी, कारण मी मुलगी, आणि सटवाजीमामा, कारण ते साठीचे. वयाची अट नव्हती, म्हणून मामा आले होते. मामा आमच्या बाजारातले मापाडी. हयातभर लोकांची ज्वारी, तूर, करडी पायलीनं मापून दिली. मग विजेचे काटे आले. मामा म्हणायचे, "त्या काट्याला जीभच न्हाई. नुसतं लाल लाल दाखवतंय. माणसाला आपलं धान्य मोजलेलं ऐकू यायला पायजे का नको?"

काट्यानं काम गेलं. मुलगा म्हणाला, घरी बसा. मामांना घरी बसणं माहीतच नव्हतं. चौथी शिकलेले, उभ्या आयुष्यात एक कागद नाही मिळालेला. चौथीचा दाखला पण पुरात गेला म्हणायचे. त्यांना हवं होतं ते प्रमाणपत्र. त्यावर आपला फोटो, आपलं नाव, खाली शिक्का. मला एकदा हळूच म्हणाले, "माय, मी आजवर सगळ्या गावाचं मोजलं. माझं कुणी मोजलं न्हाई."

आता तार गुंडाळायची म्हणजे मोजणं आलं. लाकडी साच्याला हँडल, हँडल फिरवलं की साच्यावर तारेचा एक वेढा. आमच्या मोटारीला एका कॉइलला पंचेचाळीस वेढे. मशीनला मोजणीचा काटा होता, पण तो एकोणीसवर जाऊन हटून बसायचा. तेव्हा तोंडानं मोजायचं. माझी गोची इथंच. मला कुणी काही बोललं की मी उत्तर देणार, आणि उत्तर दिलं की आकडा गेला. मामांचं तसं नव्हतं. मामा मापाड्याच्या रिवाजानं मोजायचे. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. "लाभ, लाभ, लाभ... दोन, दोन, दोन... तीन, तीन, तीन..." पुढचं माप पडेपर्यंत हातातला आकडा म्हणत राहायचं, म्हणजे तो सांडत नाही. लाइट गेली तरी "सतरा, सतरा." चहा आला तरी "सतरा, सतरा," आणि नुसत्या मानेनं साखर कमी सांगायची. एकदा मधेच त्यांना बाहेर जावं लागलं. तर मामा गोदामामागं बाभळीपर्यंत "एकोणतीस, एकोणतीस" म्हणत गेले आणि तसेच म्हणत परत आले. पडद्यापलीकडं व्यवसायवाले हसायचं विसरून गप झाले होते.

मी तार धरायची, मामांनी मोजायचं. आमची पहिली मोटार भरून झाली आणि मोठ्या थाटात तार खाचांत बसवायला घेतली, तर बसेचना. मोटारीच्या पोटात खाचा असतात, त्यांत तारेचा जुडगा दाबून वरून बांबूची पट्टी ठोकायची. आमची पट्टी आत जाईना. ठोकली तर खाचेत तारेखाली घातलेला कागद फाटला. पोरं दात काढायला लागली. जोगदंड सरांनी एक कॉइल उकलली आणि मोजली. सत्तेचाळीस. दुसरी उकलली. सत्तेचाळीस.

"मामा, हे दोन वेढे कशाचे?"

मामा म्हणाले, "ते वरचे, सर."

"वरचे म्हणजे?"

"आता पायलीभर ज्वारी मापली तर वर एक मूठ टाकतो का न्हाई? नुसतं मोजून-मापून देणं म्हंजी दलिंदरपणा झाला."

सर खुर्चीवर बसले. टेस्टर खिशातून काढला, पुन्हा ठेवला. म्हणाले, "मामा, मोटार म्हणजे गिऱ्हाईक नाही. तिला जास्त दिलेलं पचत नाही." मामांना हे पटेना. जास्त दिल्यानं कुणाचं वाईट झालेलं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेहेचाळीस झाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा शेहेचाळीस. मी वैतागले, "मामा, हात आखडता घ्या की!" तर त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांना काटा मारायला सांगत होते. म्हणाले, "पंचेचाळीसला हात थांबतच न्हाई गं. बोटं वळायलेत आपोआप."

अख्खा आठवडा तारेची नासाडी झाली. शेवटी मलाच सुचलं. कॉइल झाली की ती सुटू नये म्हणून चार ठिकाणी सुती दोऱ्यानं बांधतात. मी म्हटलं, "मामा, तार सरांची, पण दोरा तुमचा. वरचं काय द्यायचं ते दोऱ्यात द्या." मामांनी जरा विचार केला. मग तारेचे पंचेचाळीस वेढे घालून हात थांबवला, दोरा घेतला आणि दोन वेढे लागतात तिथं तीन दिले. मनापासून हसले. त्या दिवसापासून आमच्या कॉइली सगळ्या वर्गात उठून दिसायच्या, कारण पोरांच्या बांधण्या सुटायच्या, आमची कधी सुटली नाही.

असे ते महिने गेले. उन्हाळा लागला, पत्रा तापायला लागला, मातीवाल्यांनी आपल्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, आणि परीक्षा आली. बाहेरून परीक्षक येणार होते. जोगदंड सरांनी नियम सांगितले: आपली कॉइल आपणच भरायची, तोंडातून आवाज काढायचा नाही, शेजाऱ्याला काही सांगितलं की पेपर रद्द. मामांनी मनातल्या मनात मोजायचा आठ दिवस सराव केला. नुसते ओठ हलायचे. त्यांच्या घरचे म्हणाले, म्हाताऱ्याला काहीतरी झालंय, पोखर्णीच्या नरसिंहाला नेऊन आणू.

परीक्षेदिवशी मामा मुलाच्या लग्नातला फेटा बांधून आले. परीक्षक गोरेघारे, घामानं बेजार, सारखे रुमालानं मान पुसत होते. मामांनी आधी भरली. ओठ हलवत पंचेचाळीस वेढे, हात थांबला, दोऱ्याच्या बांधण्या, प्रत्येकीत एक वेढा वरचा. परीक्षकांनी कॉइल हातात घेऊन बघितली आणि "वा!" म्हणाले. मामा मशीनपासून बाजूला झाले आणि हात मागं बांधून उभे राहिले. आता फक्त माझी उरली होती.

मी भरायला लागले. विशीच्या पुढं गेले, तिशीच्या आसपास आले. तेवढ्यात परीक्षक माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "लग्न झाल्यावर तुला याचा काय उपयोग गं?"

गप बसायचं होतं. देवाशप्पथ, गप बसायचं होतं. पण मी म्हटलं, "तुमचं लग्न झालंय ना सर? तरी तुम्ही हेच करताय की."

पोरं खुसखुसली. परीक्षक लालबुंद. आणि माझा आकडा गेला. एकोणतीस? एकतीस? साच्यावर थरावर थर चढलेले, बघून मोजता यायचे नाहीत. उकलावं तर तार वाकडी होते, दुसरी तार मिळणार नाही. हँडल हातात, घाम डोळ्यांत. सहा महिने गेले पाण्यात, चुलत्यांच्या तोंडावर काय मारणार, आणि हे सगळं माझ्या जिभेपायी. मला रडायला आलं. मी रडत नाही सहसा.

आणि मागून शांत आवाज आला. "एकतीस, एकतीस, एकतीस."

परीक्षक गर्रकन वळले. "कोण बोललं?"

  मामा एक पाऊल पुढं आले. "मी बोललो साहेब."

"नियम माहीत नव्हता?"

"व्हता की."

"मग?"

"पोरीचं माप चुकायलंय अन् मापाड्यानं बघून गप बसायचं? पोरीनं मला विचारलं न्हाई, साहेब. तिचं तोंड तर तुमच्याकडं व्हतं, तुमच्याशी भांडायली व्हती."

जोगदंड सर मधे पडले, हात जोडले, वय सांगितलं. परीक्षक म्हणाले, नियम म्हणजे नियम, विचारलं नाही तिला माफ, सांगितलं त्याचा पेपर रद्द. वाईट माणूस नव्हते ते. नंतर मान खाली घालून गेले, चहा प्यायलाही थांबले नाहीत. पण त्या घडीला मी काय केलं, ते सांगते. मी ते एकतीस घेतलं. बत्तीस, तेहेतीस करत पंचेचाळीसला आणलं. परीक्षकांनी माझी कॉइल उकलून वेढा वेढा मोजला. पंचेचाळीस भरले. मी पास झाले, शंभरात एकसष्ट.

बाहेर बाभळीखाली मी मामांवर ओरडले, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी विचारलं होतं का?" मामा फेटा सोडून त्याची घडी घालत होते. म्हणाले, "मी मनात मोजायलो व्हतो तुझंबी. तोंडात आलेला आकडा गिळता येत न्हाई गं मला." एवढंच. मग म्हणाले, "ऊन लय झालं, जा घरी."

पंधरा दिवसांनी प्रमाणपत्रं आली. मी पेढे घेऊन मामांच्या घरी गेले. ओसरीतल्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या ओळीत, एक नवा खिळा होता. त्याला छत्री अडकवलेली. मी बघतेय म्हणून त्यांची सून म्हणाली, "परीक्षेच्या आधीच ठोकून ठेवला व्हता मामंजींनी. आता कायतरी लटकवायचं म्हणून." मामा पेढा खात होते, त्यांना ऐकू गेलं, त्यांनी छत्रीकडं बघितलं नाही. 

मी तिथून घरी गेले नाही. सरळ गोदामात गेले. जोगदंड सर नव्या तुकडीची नावं लिहीत होते. मी म्हटलं, "सटवाजीमामांचं नाव लिहा." सर म्हणाले, "लिहितो, पण त्यांच्याबरोबर बसायला कोण तयार होणार? जोडी लागते." मी म्हटलं, "माझं पण लिहा."

"अगं, तू पास झालीस."

"पास झालेल्यानं पुन्हा बसू नये असा नियम आहे का?"

सरांनी नियमाचा कागद खालीवर वाचला. तसा नियम नव्हता. कारण असं कुणी करेल हे नियम करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसणार.

पुढचे सहा महिने गावानं मला नापास ठरवलं. एवढी हुशार म्हणवते आणि तार गुंडाळायला अख्खं वर्ष लागतं! चुलते चेकाळले. आई म्हणाली, "पास झालीस ना? मग सांग की लोकांना." मी सांगितलं नाही. सांगायला गेलं की कारण सांगावं लागतं, कारण सांगितलं की मामांच्या कानावर जातं. मामांना मी सांगितलं होतं की माझ्या कागदावर शिक्का पुसट उमटलाय, पुन्हा बसावं लागतंय. त्यांनी ते खरं मानलं का, देव जाणे. एक स्थळ यावरून फिरलं. पोरगी एकाच वर्गात दोनदा बसली म्हणाले. माझ्यासारखीनं सहा महिने तोंड मिटून ऐकून घेतलं, यापेक्षा अवघड परीक्षा मी दिलेली नाही.

दुसऱ्या परीक्षेला परीक्षक दुसरेच होते, मितभाषी. तरी मामांनी धोका पत्करला नाही. दारातच खिशातून खडीसाखरेचा मोठा खडा काढला आणि माझ्या तोंडात घातला. "ह्यो विरघळंस्तोवर बोलायचं न्हाई. कुणी कायबी म्हणू दे." मी मान हलवली. मामांनी भरली, मी भरली. दोघांच्या कॉइली उकलून मोजल्या, दोन्ही पंचेचाळीस. मग आधी भरून ठेवलेल्या आमच्या मोटारी जोडल्या, बटन दाबलं, दोन्ही एका सुरात फिरल्या. मामांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि म्हणाले, व्हार्निश झोंबतंय.

मग तोंडी परीक्षा. परीक्षकांनी मला चार प्रश्न विचारले. खडा एवढा मोठा होता की दोन प्रश्नांपर्यंत विरघळलाच नाही. मी नुसती बघत राहिले. मामा दारातून बघत होते, मी थुंकला असता तर त्यांना दिसलं असतं.

आता मामा नाहीत. माझं दुकान पोखर्णीच्या रस्त्याला आहे, गिऱ्हाईक मोटार घेऊन येतं आणि बाई बघून आधी भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचतं. एकसष्ट मार्कांचं मी पेटीत ठेवलंय. भिंतीवर लावलंय ते दुसरं, त्रेपन्नचं. परवा एक जण म्हणाला, "बाई, मार्क जरा कमीच पडले की तुमाला." मी म्हटलं, "त्या खेपेला आमी दोघं पास झालो." त्याला काही कळलं नाही. मोटार मात्र ठेवून गेला.